न्यू हॅम्पशरच्या गावात मतदार होताना

ग्रीनकार्डाची पाच वर्षं भरत आली की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. आता नागरिकत्व घ्यायचं की नाही? फायद्यांची यादी ठरलेली असते: पासपोर्ट, प्रवास, आईवडिलांचे कागद. मतदानाचा विषय निघालाच तर कोणीतरी म्हणतं, "आपल्या एका मतानं काय होणार आहे," आणि गाडी घरांच्या किमतींकडे वळते.

आम्ही राहतो न्यू हॅम्पशरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मोनॅडनॉक डोंगराच्या आसपासच्या एका खेड्यात. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. गावाचं नाव देत नाही, कारण दिलं तर पुढच्या वर्णनातला माणूस न् माणूस ओळखू येईल. मी २०२३च्या शरद ऋतूत नागरिकत्वाचा अर्ज केला, २०२४च्या सप्टेंबरात पहिलं मत टाकलं, नोव्हेंबरात मतं मोजायला बसले आणि २०२५च्या मार्चमध्ये टाउन मीटिंगला, म्हणजे गावसभेला, गेले. या वाटेवर मराठीत काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं मला वारंवार वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अर्जाचं नाव एन-४००. तो ऑनलाइन भरता येतो. मी भरला तेव्हा ७२५ डॉलर लागले: अर्जाचे ६४० आणि बोटांच्या ठशांचे ८५. १ एप्रिल २०२४ पासून हे दर बदलले, ऑनलाइन अर्जाला ७१० आणि कागदी अर्जाला ७६०. सगळ्यात जास्त वेळ खाते ती परदेशवाऱ्यांची यादी. गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात आणि कधी परत आलात, तारखांसकट. पासपोर्टावरचे शिक्के पुसट असतात, त्यामुळे जुन्या ई-तिकिटांच्या मेल्स शोधणं हाच सरळ उपाय. ज्यांना अजून वर्ष-दोन वर्षं आहेत त्यांनी आजपासून एक वही घालावी.

याच अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही कधी अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, मत दिलंय का? शपथ होईपर्यंत याचं उत्तर 'नाही' हेच असायला हवं. नकळत, कोणाच्या आग्रहाखातर, एखाद्या जत्रेतल्या टेबलावर भरलेला नोंदणीचा फॉर्मसुद्धा अर्ज गोत्यात आणू शकतो. कोणी हसतमुखानं फॉर्म पुढे केला तर आपणही हसून "अजून नागरिक नाही" म्हणायचं आणि पुढे चालायचं.

ठसे काही आठवड्यांत उरकले आणि मग हिवाळाभर नुसती वाट. पण तो हिवाळा न्यू हॅम्पशरमध्ये वाट बघायला फार मजेचा होता, कारण २३ जानेवारी २०२४ ला इथे राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक होती. मत नव्हतं, पण डोळे आणि कान होते. त्या दिवसांत फोन उचलला की सर्व्हेवाला, पेटी उघडली की चकचकीत पत्रकं. किराणा दुकानातल्या गल्ल्यावरची बाई म्हणाली, "तुमचा नंबर अजून यांच्या यादीत नाही? नशीबवान आहात."

प्रायमरीच्या आदल्या रात्री बारा वाजता टीव्हीवर डिक्सव्हिल नॉच दाखवत होते. उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळची ही वस्ती १९६० पासून मध्यरात्री मतदान करते. यादीतल्या सगळ्यांनी मत दिलं की मतदान बंद करता येतं, म्हणून काही मिनिटांत निकालही लागतो. १९६० साली निक्सनला ९ आणि केनेडींना शून्य. २०२० ला बायडेनना पाचच्या पाच. जानेवारी २०२४ ला सहा मतदार होते, चार रिपब्लिकन आणि दोन कुठल्याच पक्षात नाव नसलेले. सहाही मतं निक्की हेलींना गेली. राज्यात मात्र त्या ट्रम्पकडून हरल्या. आणि नोव्हेंबरात त्याच डिक्सव्हिलमध्ये हॅरिस ३, ट्रम्प ३. सहा माणसांच्या वस्तीवरून देशाचा अंदाज बांधणाऱ्यांची मला गंमत वाटते. पण चार नोंदणीकृत रिपब्लिकन असलेल्या वस्तीत बरोबरी होते, ही गोष्ट डोक्यात राहिली. पुढे आमच्या गावाचे कागद हातात घेतल्यावर ती परत परत आठवली.

वसंतात मुलाखतीचं पत्र आलं. त्या वेळी शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यातले दहापर्यंत विचारायचे आणि सहा बरोबर आले की पुरे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी परीक्षा वाढली आहे: १२८ प्रश्नांची यादी, वीस विचारणार, बारा बरोबर हवेत. यादी अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आपल्या राज्याचे सिनेटर कोण, गव्हर्नर कोण, हे राज्यागणिक बदलतं, तेवढं स्वतः पाठ करायचं. माझ्या वेळी शाहीन आणि हॅसन, आणि गव्हर्नर क्रिस सुनूनू. म्हणजे दोन्ही सिनेटर डेमोक्रॅट आणि गव्हर्नर रिपब्लिकन! पाठांतर करतानाच प्रश्न पडला होता की ही माणसं मत देतात तरी कशी.

मुलाखत घेणारे गृहस्थ शांत होते. अर्जातली प्रत्येक ओळ परत विचारली, एक वाक्य वाचायला दिलं, एक लिहायला सांगितलं. पोटात गोळा येतो तो बाहेरच्या खोलीत बसल्यावर, आत गेल्यावर नाही.

शपथविधी उन्हाळ्यात, काँकर्डच्या फेडरल कोर्टात. दारातच ग्रीनकार्ड काढून घेतात. शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडत असल्याचं म्हणायचं असतं. ते शब्द आधी छापून वाचले होते, तरी तोंडानं म्हणताना आवाज जरा खाली गेला. शेजारी एक नेपाळी आजी होत्या, त्यांचे ओठ तर हललेच नाहीत बहुतेक. नंतर न्यायाधीश प्रत्येकाशी हात मिळवत होते तेव्हा आजींच्या नातवानं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की सगळे हसले.

शपथेनंतरच्या कामांचा क्रम सांगते. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र लॅमिनेट करायचं नाही, घडी घालायची नाही. हरवलं तर दुसऱ्या प्रतीला पाचशे डॉलरच्या वर जातात. ताबडतोब पासपोर्टचा अर्ज करा, पुस्तक आणि टपाल-कचेरीची फी धरून १६५ डॉलर. त्यासाठी मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं आणि ते वेगळ्या पाकिटातून परत येतं, तोवर जीव टांगणीला. भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड), त्याचे २७५ डॉलर आणि वर सेवाशुल्क. एक काम बहुतेक सगळे विसरतात: गावाकडच्या मतदारयादीतलं आपलं नाव. भारतीय नागरिकत्व गेलं की तो हक्कही जातो, नाव काढण्यासाठी फॉर्म ७ भरायचा. माझं नाव सातारा जिल्ह्यातल्या माहेरच्या यादीत होतं. भावाला फोनवरून सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "बरं, भरतो." हे मात्र शपथेपेक्षा जड गेलं.

आता मतदार नोंदणी. न्यू हॅम्पशरमध्ये हे काम टाउन क्लार्कच्या खिडकीवर होतं. त्याच खिडकीवर गाडीची नोंदणी आणि कुत्र्याचं लायसन्स. आमची कचेरी आठवड्यातून मोजके दिवस, त्यातही एक संध्याकाळ उघडी असते. वेळ बघून जा, उगाच हेलपाटा होतो. मी ऑगस्टमध्ये गेले. ओळख, वय, नागरिकत्व आणि पत्ता, एवढं दाखवायचं. मी पासपोर्ट, लायसन्स आणि विजेचं बिल नेलं होतं. माझ्यापुढे एक जण त्याच्या दोन लॅब्रॅडॉरचे बिल्ले घेत होता, त्याला जास्त वेळ लागला.

फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो. रिपब्लिकन, डेमोक्रॅट, किंवा 'अनडिक्लेअर्ड', म्हणजे पक्ष जाहीर केलेला नाही. मी तिसरं निवडलं. राज्यातला सगळ्यात मोठा गट हाच, साधारण चाळीस टक्के. या लोकांना प्रायमरीत कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. ती घेतली की आपण त्या पक्षात नोंदले जातो, आणि बाहेर पडताना एका टेबलावर सही केली की परत अनडिक्लेअर्ड. १० सप्टेंबरच्या राज्य प्रायमरीत मी हेच केलं. सहीच्या टेबलापाशी मतपत्रिकेच्या टेबलाइतकीच रांग होती. माझ्या मागचे लाकूडतोडे आजोबा म्हणाले, "साडेतीन मिनिटं रिपब्लिकन होतो. आता बरं वाटतंय." लोक पक्षाला कपड्यासारखं चढवतात-उतरवतात हे बघून मला, 'आमच्या घराण्यात पंजाच' किंवा 'कमळच' असं ऐकत वाढलेल्या मुलीला, नवल वाटलं.

आमच्या भागात गावागावाची ख्याती ठरलेली आहे. पीटरबरो निळं, म्हणजे डेमोक्रॅट, कलाकार आणि पुस्तकांच्या दुकानांचं. थोडं दक्षिणेला न्यू इप्सविच लाल, म्हणजे रिपब्लिकन, मोठ्या कुटुंबांचं, चर्चला जाणारं. आम्ही यांच्या मधलं गाव. अंगणातल्या पाट्या बघत गाडी चालवली तर दर वळणावर रंग बदलतो. मी मनातल्या मनात प्रत्येक घराला एक रंग देऊन टाकला होता.

प्रायमरीच्या दिवशी दारावर एक कागद चिकटवला होता: नोव्हेंबरच्या मोजणीसाठी माणसं हवीत. आमच्या गावात मशीन नाही, मतं हातानं मोजतात. न्यू हॅम्पशरमध्ये अशी बरीच लहान गावं अजून आहेत. मी मॉडरेटरना विचारलं, नवीन नागरिक चालेल का? मॉडरेटर म्हणजे निवडणूक आणि गावसभा चालवणारा, लोकांनी निवडलेला अधिकारी. आमचे मॉडरेटर सत्तरीचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "यादीत नाव आहे ना? मग चष्मा आण आणि सँडविच आण."

ऑक्टोबरच्या शेवटी तासाभराचं प्रशिक्षण झालं. जोड्या लावायच्या, शक्यतो एक या पक्षाचा, एक त्या पक्षाचा. एकानं मत वाचायचं, दुसऱ्यानं रेघ मारायची, मग अदलाबदल करून परत मोजायचं. दोन्ही आकडे जुळेपर्यंत उठायचं नाही. मॉडरेटरनी १९७४ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी या राज्यातली सिनेटची निवडणूक आधी ३५५ मतांनी एका बाजूला, फेरमोजणीत १० मतांनी दुसऱ्या बाजूला आणि पुढच्या फेरमोजणीत २ मतांनी परत पहिल्या बाजूला गेली. शेवटी १९७५ मध्ये निवडणूकच नव्यानं घ्यावी लागली. आणि जवळची गोष्ट हवी असेल तर २०१६. हिलरी क्लिंटन हे राज्य २,७३६ मतांनी जिंकल्या. त्याच दिवशी सिनेटच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार केली एयॉट १,०१७ मतांनी हरल्या. तीच एयॉट बाई आता गव्हर्नरपदाला उभी होती.

५ नोव्हेंबर २०२४. सकाळीच मत दिलं. मतदान लवकर सुरू होऊन संध्याकाळी सातपर्यंत. टेबलावरच्या बाईंना नाव सांगायचं, त्या ते मोठ्यानं परत म्हणतात, ओळखपत्र बघतात, यादीत खूण करतात. माझं आडनाव त्यांनी तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि तिसरं जवळपास बरोबर होतं. पडदा लावलेला खण, काळं पेन, गोल भरायचे. बोटाला शाई नाही. कागद नेऊन मॉडरेटरच्या हाती द्यायचा, तो लाकडी पेटीत सोडतो. दुपारी टपाली मतांची पाकिटं उघडताना मतदाराचं नाव जाहीर वाचतात, कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. त्या यादीत आमच्या शेजारच्या घरातला, नौदलात असलेला मुलगा होता. त्याची आई तेवढ्यासाठी येऊन उभी राहिली होती.

सातला दार बंद. दार बंद म्हणजे मतदान बंद. मोजणी बघायला कोणीही आत बसू शकतो. आम्हा मोजणाऱ्यांना शपथ दिली. पेटी उलटी केली, पन्नास-पन्नासचे गठ्ठे केले, आणि यादीतल्या खुणा व कागदांची संख्या आधी जुळवली. माझ्या जोडीला एक गृहस्थ होते, हातावर मरीन कोअरचं गोंदण, ट्रकवर ट्रम्पचा झेंडा लावणारे. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक होतं, त्यामुळे बहुतेक वेळ रेघा त्यांनीच मारल्या.

आणि इथे माझे मनातले रंग पुसले गेले. मतपत्रिका लांबलचक असते: राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, काँग्रेस, एक्झिक्युटिव्ह कौन्सिल, राज्य सिनेट, राज्य प्रतिनिधी, शेरीफ, काउंटीची इतर पदं. एकाच गोलात सगळा पक्ष निवडायची सोय या राज्यानं २००७ मध्येच काढून टाकली. प्रत्येक ओळीला थांबावं लागतं, आणि लोक थांबतात. वर हॅरिस, खाली एयॉट, तिच्या खाली काँग्रेसला डेमोक्रॅट गुडलँडर, मग राज्य प्रतिनिधीला एक या पक्षाचा आणि एक त्या पक्षाचा. उलटंही: वर ट्रम्प आणि प्रतिनिधीला गावातली डेमोक्रॅट बाई, जिनं ग्रंथालयाच्या छपराचं काम तडीस नेलं होतं. सरळसोट एका पक्षाचे कागद अर्थातच जास्त होते. पण तुटक कागद इतके यायचे की वाचताना गाफील राहून चालत नव्हतं. एका कागदावर शेरीफपुढे उमेदवार सोडून कोणाच्या तरी बैलाचं नाव लिहिलेलं होतं. तेही नियमानं टिपावं लागतं. मरीनकाकांनी गंभीरपणे स्पेलिंग विचारून लिहिलं.

राज्याचा प्रतिनिधी म्हणजे काय, हे इथे कळल्याशिवाय या मतांचा अर्थ लागत नाही. न्यू हॅम्पशरच्या सभागृहात ४०० सदस्य आहेत, राज्याची वस्ती चौदा लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक. पगार वर्षाला शंभर डॉलर, १८८९ पासून तोच. असा प्रतिनिधी कचऱ्याच्या डेपोवर शनिवारी भेटतो. त्याचा पक्ष लोकांना ठाऊक असतो, पण त्याचं कुंपण, त्याची मुलं, त्यानं बर्फ काढायला कोणाला मदत केली, हेही ठाऊक असतं.

त्या दिवशीच्या मतपत्रिकेवर राज्यघटनेचा एक प्रश्नही होता: न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय सत्तरवरून पंचाहत्तर करावं का. त्याला दोनतृतीयांश मतं लागतात. राज्यभरात पासष्ट टक्क्यांच्या पुढे गेलं आणि तरी थोडक्यात पडलं. आमच्या गठ्ठ्यांत हा प्रश्न कोराच सोडलेले कागद बरेच होते. तो मागच्या पानावर होता की लोकांना कंटाळा आला होता, देव जाणे.

मध्यरात्र उलटून गेल्यावर मॉडरेटरनी खुर्चीवर उभं राहून आकडे वाचले. आमच्या गावात हॅरिस थोड्या पुढे, गव्हर्नरसाठी एयॉट बऱ्यापैकी पुढे. सकाळी राज्याचं चित्रही तेच: हॅरिस पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फरकानं, एयॉट नऊ टक्क्यांहून जास्त फरकानं, आणि काँग्रेसच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांकडे. २०२० मध्येही बायडेन सात टक्क्यांनी आणि सुनूनू पासष्ट टक्के मतं घेऊन, एकाच दिवशी, एकाच कागदावर जिंकले होते.

त्याच महिन्यात २० तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. भावाचा फोन. "तुमचं गाव कोणाचं?" मी सांगायला लागले, वर हे, खाली ते. तो म्हणाला, "एक काहीतरी सांग." मला सांगता आलं नाही.

इथपर्यंत पक्षांची गोष्ट झाली. गावाचा खरा स्वभाव मार्चमध्ये दिसतो. न्यू हॅम्पशरमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही. शाळा आणि रस्ते चालतात ते मुख्यतः घरपट्टीवर, आणि ती फार जड आहे. खर्च किती करायचा हे मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी आणि त्याच्या आगेमागे गावानं ठरवायचं. गावातली पदं पक्षाच्या चिन्हाविना लढवतात.

२०२५ मध्ये तो मंगळवार ११ मार्चला आला. नवऱ्याची शपथ हिवाळ्यात झाली होती, त्याला पहिल्यांदा नाव नोंदवायचं होतं, आणि मधल्या काळात कायदा बदलला होता. आधी कागद नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून त्याच दिवशी मत देता यायचं. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर लागू झालेल्या कायद्यानं ती सोय काढली. आता पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यानं नागरिकत्वाचा कागद दाखवलाच पाहिजे: पासपोर्ट, जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. मार्चच्या गावनिवडणुका ही त्याची पहिली परीक्षा होती. राज्यात काही ठिकाणी लोक परत पाठवले गेले, अशा बातम्या आल्या. आमच्या रांगेतही एक बाई होत्या, जन्मापासून अमेरिकन. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं. त्या लग्नाचा दाखला आणायला घरी गेल्या. नवरा मात्र आपली निळी फाइल घेऊन आला होता, ज्यात २००९ च्या व्हिसापासून सगळं क्रमानं लावलेलं. मतदारयादीचे तिघे पर्यवेक्षक ती फाइल चाळताना हरखून गेले. कागद सांभाळायची सवय आपल्याला इमिग्रेशननं लावली ती अशी कामाला आली. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, तो दाखला आत्ताच शोधून ठेवा.

मंगळवारी पदांसाठी मतदान, शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा. दारात यादी बघून पिवळं कार्ड देतात, हात वर करताना ते धरायचं. ज्यांचं नाव यादीत नाही ते बाजूच्या खुर्च्यांवर. मागे पाचवीच्या मुलांची सहल व्हावी म्हणून चिली आणि ब्राउनीची विक्री. चार-पाच बाया विणकाम घेऊन बसलेल्या. आधी ध्वजवंदन, माजी सैनिकांनी उभं राहायचं, टाळ्या, आणि मग विषयपत्रिकेतला पहिला मुद्दा.

तो होता अग्निशमनाच्या नव्या गाडीचा. किंमत पाच लाखांच्या वर, कर्ज काढून. एवढ्या कर्जाला तीनपंचमांश मतं लागतात, तीही गुप्त, आणि मतपेटी किमान तासभर उघडी ठेवावी लागते. माझे मरीनकाका उठले. ते स्वतः स्वयंसेवक अग्निशामक. म्हणाले, जुनी गाडी १९९० च्या दशकातली, मागच्या जानेवारीत टेकडीवर चढली नाही. त्यांच्यानंतर उठल्या निळ्या पाटीवाल्या निवृत्त परिचारिका, आणि त्यांनी विरोध केला! पेन्शनवर राहणाऱ्यांना ही पट्टी झेपणार नाही, दर हजार मूल्यांकनामागे किती सेंट वाढतील ते सांगा. मग दोन्ही बाजूंनी तासभर. कोण कुठल्या पक्षाचा हे मला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. घर मालकीचं की भाड्याचं, मुलं शाळेत आहेत की नाहीत, घर हमरस्त्यावर आहे की टेकडीवर, यावरून मत जास्त नीट ओळखता येत होतं. गाडी मंजूर झाली, काठावर.

शाळेच्या बजेटवर कपातीची दुरुस्ती आली तेव्हा सभागृहात कोणीतरी मागून नुसतं म्हटलं, "क्रॉयडन." आणि चिलीच्या टेबलापाशी उभे असलेले सगळे परत खुर्च्यांवर आले. क्रॉयडन हे आठशे वस्तीचं गाव. मार्च २०२२ च्या सभेत ऐन वेळी एक दुरुस्ती आली: शाळेचं १७ लाखांचं बजेट ८ लाखांवर आणा. बर्फाचा दिवस, हजेरी तुरळक. २० विरुद्ध १४ मतांनी ती पास झाली. निम्म्याहून जास्त रक्कम गेली. त्यामागे फ्री स्टेट चळवळीतली माणसं होती. २००३ मध्ये या चळवळीनं सरकार कमीत कमी असावं म्हणणाऱ्यांनी स्थायिक होण्यासाठी हे राज्य निवडलं होतं. निर्णय फिरवायचा तर खास सभेला निम्म्याहून जास्त मतदार हजर हवे होते. गावातले डावे-उजवे एकत्र आले, घरोघर फिरले, आणि मे महिन्यात ३७७ विरुद्ध २ मतांनी बजेट परत आणलं.

आपल्याकडे ग्रामसभेला गणपूर्ती लागते: पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल ते. नाही जमली तर सभा तहकूब. माझे वडील या तहकुबीवर फार चिडायचे, म्हणायचे नंतरच्या सभेला गणपूर्तीच लागत नाही, मग ही नाटकं कशाला. इथे पहिल्यापासूनच गणपूर्ती नाही. आलात तेवढे म्हणजे गाव.

आमच्याकडची कपात फेटाळली गेली, पण मोठ्या फरकानं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या, दोघंही ट्रम्पचे असलेल्या नवराबायकोनं त्यावर वेगवेगळी कार्डं वर केली आणि घरी एकाच गाडीतून गेले.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. सभेच्या आधी गावाचा वार्षिक अहवाल छापील मिळतो. त्यात विषयपत्रिका आणि प्रत्येक खर्चाचा पट्टीवर होणारा परिणाम असतो. तो आदल्या आठवड्यात वाचा, नाहीतर दुरुस्तीवर दुरुस्ती आली की कशावर हात वर करतोय तेच कळत नाही. गुप्त मतदान हवं असेल तर पाच मतदारांनी लेखी मागितलं की पुरतं, नवीन माणसाला याचा फार आधार असतो. बोलायचं असेल तर माइकपाशी जाऊन नाव आणि रस्ता सांगायचा, जे बोलायचं ते मॉडरेटरकडे बघून. उच्चारांची काळजी करू नका, माइक सगळ्यांचाच खरखरतो. आणि पदांसाठी उभं राहायचे अर्ज जानेवारीच्या शेवटी बंद होतात. आमच्याकडे त्या वर्षी दफनभूमीच्या विश्वस्तपदाला एकही अर्ज नव्हता. ते कोऱ्या ओळीवर लोकांनी लिहिलेल्या मूठभर नावांवर भरलं गेलं, आणि निवडून आलेल्या बाईंना ते क्लार्कचा फोन आल्यावर कळलं.